आगटी घरची, धूर गांवाचा

थंडीचें निवारण हा विषय आपल्याकडील वाचकास गौण वाटण्याचा संभव आहे. घोंगडी व अंगणांतील शेकोटी एवढ्यावर आपलें बहुधा भागतें. इंग्लंडांत मात्र वर्षांतील निम्मे दिवस घरांत आग हवीच. ती कशी पेटवावी, तिचा धूर कोठें सोडावा आणि धुराडें कोणीं झाडावें, या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नांत त्या समाजाचा तीन शतकांचा इतिहास सांठला आहे.

१६६१ सालीं जॉन एव्हलिन यानें लंडनच्या कोळशाच्या धुराविरुद्ध एक निबंध लिहून तो दुसऱ्या चार्ल्स राजास अर्पण केला. परंतु त्याचा सारा रोख मद्याच्या व चुन्याच्या भट्ट्यांवर होता. घरगुती आगटीस त्यानें दोषमुक्त ठेविलें. पुढच्याच वर्षीं राजानें त्या आगटीवर दरसाल दोन शिलिंग कर बसविला. आगट्या मोजावयास अधिकारी घरांत शिरत, हें लोकांस असह्य झालें आणि १६८९ त तो कर रद्द झाला. आपल्या घरांतील आग ही सर्वस्वी आपली, ही समजूत तेथें किती खोल रुजलेली होती, हें यावरून कळून येतें.

या आगटीचा खरा दोष ओळखला तो काउंट रम्फर्ड या पदार्थविज्ञानवेत्त्यानें. मोठ्या तोंडाच्या आगटींतून खोलींतील तापलेली हवाच धुराड्यावाटे निघून जाते, हें त्यानें १७९६ सालीं दाखवून दिलें. आगटी उथळ करावी, बाजूच्या भिंती तिरप्या बांधाव्या व धुराड्याचा घसा सुमारें चार इंचांवर आणावा, हा त्याचा उपाय. जुनें घर पाडण्याचें कारण नव्हतें. थोड्या विटा व एक गवंडी पुरे. पण घसा अरुंद केल्यावर धुराडें झाडणारा मुलगा वर कसा जाणार? यासाठीं मागील बाजूस काढतां येण्याजोगा एक दगड बसवावा, असें तो सुचवितो. उष्णतेचा इतका बारीक विचार करणाऱ्या या पुरुषानेंही तो मुलगा गृहीतच धरला होता!

या मुलांची कथा मोठी करुण आहे. काजळीमुळें त्यांस पुढें कर्करोग होतो, हें पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्यानें १७७५ सालींच नमूद केलें होतें. १७८८ च्या कायद्यानें त्यांच्या वयाची किमान मर्यादा ठरविली. ती अवघी आठ वर्षांची! १८०३ च्या सुमारास जॉर्ज स्मार्ट यानें लांब दांड्याचा ब्रश तयार केला. तथापि जुन्या घरांतील वांकड्या धुराड्यांस त्यासाठीं झडपा बसवाव्या लागत, आणि तो खर्च पुष्कळ घरमालकांस नको असे. मुलगा त्याहून स्वस्त पडे. एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यांत चढविण्यास १८४० सालीं बंदी झाली, तीही कागदावरच राहिली. १८७५ त केंब्रिजजवळील फुलबर्न येथें जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यांत अडकून मेला, तेव्हां कोठें धुराडीं झाडण्याचा धंदा पोलिसांच्या परवान्याखालीं आला.

धुराड्यांतील मुलगा सुटला. धुराड्यावरील आकाश मात्र सुटलें नाहीं. कारखान्यांच्या धुरावर निर्बंध आले, तरी घरगुती आगटी मोकळीच राहिली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पांच दिवसांत लंडनवर विषारी धुकें सांचलें. सरकारी अंदाजाप्रमाणें सुमारें चार हजार माणसें दगावलीं. पुढील संशोधकांनीं हा आंकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ चा कायदा झाला. ठरावीक भागांत धुराचें जळण बंद झालें आणि घरगुती आगटी बदलण्याच्या वाजवी खर्चापैकीं सात दशांश भाग सार्वजनिक तिजोरींतून मिळूं लागला. घरांतील आग ही सार्वजनिक बाब आहे, हें अशा रीतीनें प्रथमच पैसे मोजून मान्य केलें गेलें.

जुनें घर मात्र आपला हिशेब सोडीत नाहीं. गॅसच्या बंबाची वाफ थंड धुराड्यांत पाणी होऊन विटांत मुरते, म्हणून आंत धातूची नळी घालावी लागते. वापरांतून गेलेलें धुराडें पुरतें बुजविलें तर भिंतींस ओल धरते, म्हणून त्यासही वारा ठेवावा लागतो. अलीकडे त्याच धुराड्यांतून लांकडाच्या शेगड्या पुन्हां धुमसूं लागल्या आहेत, आणि शहराच्या हवेंतील सूक्ष्म कणांत त्यांचा वांटा मोठा आहे. ऊब कोणती निवडावी हें घरधन्यानें ठरवावें, हें खरें. परंतु त्याचा हिशेब करतांना त्यानें एकदां छपरावर चढून आपला धूर कोणाच्या खिडकीकडे जातो, तेंही पाहावें.