बदलापूर : सूड की बदल?

गुन्हेपटातला छुपा माणूस बहुधा पोलीस असतो. वेष पालटून तो टोळीत शिरतो. श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’मध्ये (२०१५) अज्ञातवासात जातो तो ज्याच्यावर अन्याय झाला तोच. पुण्यातल्या बँक-दरोड्यात पत्नी आणि लहान मुलगा गमावलेला रघू बदलापुरात येऊन १५ वर्षे दबा धरून राहतो.

गाव हेच का? हिंदी प्रेक्षकाला या नावात सुडाची नगरी ऐकू येते. मराठी कानाला मात्र ते तसे ऐकू येत नाही. कल्याणच्या पुढे रुळांलगतची नावे वाचत गेले, तर प्रत्येकात एक इतिहास आहे. उल्हासनगर हे १९४९ साली निर्वासित सिंधी बांधवांच्या लष्करी छावणीला मिळालेले नाव, शेजारच्या नदीवरून. अंबरनाथ हे शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या शिलाहारकालीन शिवालयाचे गाव. आणि बदलापूर? शिवकाळात सुरतेच्या वाटेवर येथे घोडे बदलीत, अशी लोकस्मृती आहे. ती इतिहास म्हणून स्वीकारावी असे आम्ही म्हणणार नाही. पण लोकांनी या नावात सूड नव्हे, बदल वाचला, एवढे तिच्यावरून कळते.

मुळात ‘बदल’ हा अरबी शब्द. एकाच्या जागी दुसरे, हा त्याचा अर्थ. आपले बदल, बदली, मोबदला आणि हिंदीतला बदला, सारी त्याचीच संतती.

चित्रपटाचा शेवट सांगितल्यावाचून पुढचे बोलता येत नाही. न पाहिलेल्यांनी क्षमा करावी. रघू दोन खून पचवतो. कर्करोगाने मरणपंथाला लागलेला दरोडेखोर लायक (नवाजुद्दीन सिद्दीकी) ते खून आपल्या माथी घेतो. रघूच्या जागी लायक: नावातला जुना अरबी अर्थ येथे अवचित जागा होतो. बदलतो तो गुन्हेगार. पीडित आहे तेथेच गोठलेला राहतो. मासिमो कार्लोत्तो यांच्या इटालियन कादंबरीवर बेतलेल्या या कथेला ठाणे जिल्ह्यातल्या एका स्थानकाचे नाव इतके चपखल बसावे, याचे आम्हांला अजूनही नवल वाटते.

स्त्रियांवर रघू जो सूड उगवतो, तो पाहवत नाही. वरुण धवनच्या कोवळ्या चेहऱ्यामुळे तर तो अधिकच अंगावर येतो. विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवण्यापूर्वी तेवढी कल्पना अवश्य द्यावी.