निळा फुगा

जो वारा आमच्या शिवारात पाऊस घेऊन येतो, तोच कोकणच्या किनाऱ्यावर एक निळं विष आणून टाकतो. पावसाळ्यात समुद्रावरनं जोराचं वारं सुटलं की ‘ब्लू बॉटल’ वाळूत येऊन पडतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर कितीतरी लोकांना त्या डसल्या, तेव्हा पेपरात हे नाव गाजलं. लोक त्यांना जेलीफिशच म्हणतात, पण ती जेलीफिशची लांबची भावकी. तो एक जीवही नव्हे. बारक्या जीवांचं ते एकत्र कुटुंब. एकानं फुगा होऊन तरंगायचं, काहींनी शिकार मारायची, काहींनी ती पचवायची, काहींनी वंश वाढवायचा. पोहता कुणालाच येत नाही. वारा नेईल तिकडं जायचं. त्यातही काहींचा फुगा डावीकडं झुकलेला, काहींचा उजवीकडं. म्हणून एकाच वाऱ्यानं सगळे किनाऱ्याला लागत नाहीत. आपण सगळं रान एकाच पिकाखाली घालत नाही, तशातलाच हा प्रकार.

तीन वर्षांमागं भांगलण उरकून आम्ही सगळं घरदार कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो. “आबा, ह्यो निळा फुगा बघा की!” म्हणत धाकटा नातू धावला. थोरली नात त्याला अडवायला गेली, तर लाटेबरोबर आलेला निळा दोरा तिच्याच पिंढरीला गुंडाळला. चाबकाचा वळ उठावा तशी लाल रेघ उठली. पोरीनं आकांत मांडला. चहाच्या टपरीवरली एक बाई पळत आली. तिनं काटकीनं दोरा काढला, समुद्राच्याच पाण्यानं पाय धुतला, मग सोसवेल इतकं गरम पाणी ओतत राहिली. तासाभरानं कळ उतरली. परतताना आमचे थोरले दादा म्हणाले, “एकदा डसलं ते बरंच झालं. आता अंग सरावलं तिचं.”

कष्टकऱ्याला हे बोलणं पटतं. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात, मग हात दुखत नाही. पण या निळ्या फुग्याचा इतिहास वेगळं सांगतो.

१९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर जहाजानं अटलांटिकच्या सफरीवर निघाले. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होते. ब्लू बॉटलच्याच जातीचा तिथला थोरला जीव पकडून त्यांनी त्याचं विष तपासलं. फ्रान्सला परतल्यावर तो मिळेना, म्हणून त्याच्या नात्यातल्या समुद्रफुलाचं विष घेतलं. लसीसारखं थोडं थोडं टोचलं तर कुत्र्यांचं अंग सरावेल, अशी अटकळ. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिला डोस पचला. तीनेक आठवड्यांनी पुन्हा तसाच थोडा दिला, तर धडधाकट कुत्रं २५ मिनिटांत गेलं. अंग सरावण्याऐवजी उलटलं होतं. १९०२ मध्ये त्यांनी याला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिलं. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

गांधीलमाशी डसून चांगला गडी बसल्या जागी गेला, तर गावात करणी म्हणायचे. त्या कोड्याचं उत्तर या शोधात होतं.

बहुतेकांची कळ तास-दोन तासांत उतरते, हे खरं. पण कुणाचं अंग कधी उलटेल ते आधी कळत नाही. म्हणून मागच्या खेपेला काही झालं नाही, या भरवशावर राहू नये. धाप लागली, ओठ-डोळे सुजले, घेरी आली, तर घरगुती इलाजात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. डसलेली जागा वाळूनं चोळू नये. आणि वाळूत मरून पडलेल्या फुग्यालाही पोरांना हात लावू देऊ नये. तो मेला तरी त्याच्या दोऱ्यातलं विष जितंच असतं.