पाच टक्के काठ

अँड्रॉइड टीव्हीसाठी अ‍ॅप लिहिताना एक नियम सुरुवातीलाच शिकवला जातो. पडदा ९६० बाय ५४० एककांचा धरायचा, डावी-उजवीकडे ४८ आणि वर-खाली २७ एककं जागा मोकळी सोडायची. म्हणजे चारही बाजूंना ५ टक्के. आजच्या पडद्याचा शेवटचा पिक्सेलसुद्धा मधल्या पिक्सेलइतकाच चोख असतो. मग ही जागा कुणासाठी राखून ठेवायची? मी मागे मागे शोधत गेलो आणि पोचलो जुन्या काचेच्या नळीपर्यंत.

तो मागे कुबड आलेला टीव्ही आठवतोय? त्याच्या नळीच्या मानेत इलेक्ट्रॉनचा झोत तयार होतो. मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांचं चुंबकीय क्षेत्र त्याला डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवतं. आपल्याकडे एका चित्राला ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. अडचण साध्या भूमितीची आहे. झोत जिथून वळतो तिथून पडद्याचा मध्य जवळ आणि कोपरे लांब. त्यामुळे कोपरे बाहेर ताणले जातात आणि चौकोनाची उशी होते. मध्यावर गोल असलेला ठिपका काठाकडे लंबगोल होतो, अक्षरं धूसर दिसतात. १९५४मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्ही विकायला आले आणि भानगड तिप्पट झाली. लाल, हिरवा, निळा असे तीन झोत प्रत्येक जागी एकत्र यायला हवेत. काठाशी ते फाकतात आणि पांढऱ्या अक्षराला रंगीत झालर लागते. तेव्हा ही जुळणी करायला तंत्रज्ञ घरी येऊन एकेक बटण पिळत बसायचा.

यावरचा एक मार्ग म्हणजे काठ खरोखर सुधारणं. वेटोळ्यांजवळ छोटे चुंबक बसवले, वळवणाऱ्या विद्युतप्रवाहाला आकार दिला, झोत काठाकडे जाईल तसा फोकसचा व्होल्टेज बदलला. मला सगळ्यात आवडतो तो आरसीए कंपनीचा १९७२चा उपाय. तिन्ही झोत एका ओळीत ठेवायचे आणि वेटोळी मुद्दाम असमान क्षेत्र देतील अशी गुंडाळायची. ते क्षेत्रच झोतांना काठापर्यंत एकत्र ठेवतं. बटणं पिळायचं काम जवळपास संपलं. फुकट मात्र काही मिळत नाही. त्याच असमान क्षेत्राने काठावरचा ठिपका आणखी चपटा केला आणि तो गोल करायला पुढे इलेक्ट्रॉन गनमध्येच वेगळी दुरुस्ती घालावी लागली.

दुसरा मार्ग स्वस्त होता: काठ लपवायचा. घरातला व्होल्टेज उतरला किंवा सुटे भाग जुने झाले की चित्र आक्रसायचं. आपल्याकडे टीव्हीशेजारी स्टॅबिलायझर उगाच नव्हता. भोवती काळी पट्टी दिसलेली गिऱ्हाइकाला खपत नाही, म्हणून चित्र पडद्यापेक्षा मोठंच काढायचं आणि जास्तीचा भाग चौकटीआड जाऊ द्यायचा. याचं नाव ओव्हरस्कॅन. आता कुणाच्या घरी किती कापलं जाणार ते स्टुडिओला कसं कळावं? म्हणून अमेरिकेतल्या एसएमपीटीई या संस्थेने हद्द आखून दिली. महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्के रुंदी-उंचीत, अक्षरं ८० टक्क्यांत. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर अक्षरांना पडद्याचा फक्त ६४ टक्के भाग उरतो.

लपलेली जागा म्हटली की कचरा तिथेच ढकलला जातो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ खेळताना उजव्या काठाला चुकीच्या रंगांचे तुकडे चमकतात. जुन्या टीव्हीवर त्यातला बराचसा भाग चौकटीआड जाई. एम्युलेटरवर खेळलात तर स्पष्ट दिसतो. झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाने उलट केलं. त्याचं २५६ बाय १९२चं चित्र मधोमध आणि भोवती जाड रंगीत पट्टी. कापलं तर पट्टी कापा.

मग सपाट पडदे आले. पिक्सेल जागच्या जागी, फाकणं नाही, ताणणं नाही. ओव्हरस्कॅन मात्र कितीतरी टीव्हींमध्ये चालूच राहिला, आणि इथे मला खरा राग येतो. नळीत फक्त काठ जायचा. सपाट पडद्यावर १९२० बाय १०८०चं चित्र कडेने कापून पुन्हा तेवढ्याच पिक्सेलवर ताणलं जातं. एक पिक्सेल शेजाऱ्यात मिसळतो आणि पडद्याच्या मध्यावरची अक्षरंसुद्धा पुसट होतात. काठाची लाज झाकायला अख्खं चित्र बिघडवायचं!

२००९मध्ये एसएमपीटीईने हद्द सैल केली: हालचालीला ९३ टक्के, अक्षरांना ९०. नव्वद म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. आमचे ४८ आणि २७ याच हिशोबात बसतात.

२०१७च्या आयफोन टेनपासून फोनच्या पडद्यालाही खाच आणि गोल कोपरे आले, आणि त्यासोबत ‘सेफ एरिया’ हा टीव्हीवाल्यांचा जुना शब्द आमच्या कोडमध्ये आला. नळीवाल्यांना काठ भौतिकशास्त्राने नाकारला होता. आपण तो दिसायला छान म्हणून स्वतःच कापला.

लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर खालचा टास्कबार अर्धा गायब दिसला तर केबलला दोष देऊ नका. पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘डॉट बाय डॉट’ असा काहीतरी पर्याय शोधा. तो चालू केला की टास्कबार परत येतो, आणि मधली अक्षरंही लख्ख होतात.