अर्धी पोथी आणि पुरतं मत

अद्भुतरम्य पुस्तकं वाचणारी मंडळी एकत्र जमतात आणि पुस्तक अजून अर्धंमुर्धं हातात असतानाच त्यावरून हुज्जत घालतात. कोणाला एखादा मांत्रिक पटत नाही, कोणाला लढाई उगाच लांबवल्यासारखी वाटते. हा प्रकार हॅरी पॉटरनंतर आला आणि तोही पुण्या-मुंबईकडून, असं नांदेड-लातूरकडची शिकलेली माणसंसुद्धा सहज बोलून जातात. त्यामागचा हिशेब सरळ आहे. या भागाच्या वाट्याला निजामी राजवट आली, सरकारी शाळा उर्दूतल्या, मराठी छापखाने लांब, साक्षरता नगण्य. मग वाचकांचं मत इथे उगवणार कुठून? आकड्यांपुरता हा हिशेब खरा आहे. १९०१ च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानात लिहिता-वाचता येणारे शंभरात पाचही नव्हते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. अद्भुत कथेवर चारचौघांत बसून, कथा चालू असतानाच मत बनवायची रीत या दोन जिल्ह्यांत ग्रंथालयं आणि कादंबऱ्या यायच्या कितीतरी आधीपासून होती. तिचं ठिकाण मारुतीचं देऊळ आणि निमित्त पोथीचं.

गावात पोथी लागायची ती बहुधा चातुर्मासात, त्यातही श्रावणात. पेरण्या उरकलेल्या, आणि पाऊस लागून राहिला की शेतात पाय घालायची सोय नाही. जेवणं आटोपून माणसं देवळात येत. चौरंगावर पोथीची सुटी पानं, बाजूला कंदील. एक जण ओव्या वाची आणि दुसरा अर्थ सांगे. या दुसऱ्या माणसाकडे इतिहासाचं लक्ष फारसं गेलेलं नाही. कित्येकदा तो शेतकरीच असे, अक्षरओळख जेमतेम, पण पाठांतर दांडगं. ओवीचा अर्थ लावताना तो गावातले दाखले देई, एखाद्या राक्षसाचं वर्णन करताना कोणाकडे तरी तिरकं पाही, आणि मुख्य म्हणजे श्रोत्यांनी मध्येच विचारलेल्या शंकेला त्याला उत्तर द्यावं लागे. अध्याय संपला की पोथी बांधली जाई. कथा मात्र मध्येच लोंबकळत राही आणि दुसऱ्या दिवशी बांधावर, पारावर, बाजाराच्या वाटेवर पुढे चाले. आज मालिकेच्या किंवा ग्रंथमालेच्या दोन भागांमधल्या काळात वाचक जे करतात, ते इथे दोन अध्यायांमधल्या दिवसात होत होतं.

श्रोत्यांना शंका येण्याजोगं या पोथ्यांत काय होतं, ते धुंडीसुत मालू नरहरीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त पाहावं. १८१९ साली पुरा झालेला हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ म्हणजे मराठीतलं अद्भुताचं सगळ्यात मोठं कोठार. मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी जन्मतो. गोरखनाथ बारा वर्षं उकिरड्यात पडून राहिलेल्या भस्मातून बाहेर येतो. हाच गोरख पुढे संजीवनी मंत्र घोकत बसलेला असताना पोरं त्याच्याकडे चिखलाचा बाहुला करून मागतात. हात चिखलात आणि तोंडी मंत्र, त्यामुळे बाहुला जिवंत होऊन रडू लागतो. तो गहिनीनाथ. अस्त्रांवर अस्त्रं सुटतात, डोंगर वर उचलले जातात. पण पोथीची खरी गोम पुढे आहे. स्त्रीराज्यातून परतणाऱ्या मच्छिंद्राच्या झोळीत सोन्याची वीट असते आणि चोरांच्या भयानं गुरूचा जीव खालीवर होत असतो. शिष्य ती वीट फेकून देतो, गुरू हळहळतो, तेव्हा शिष्य अख्खा डोंगरच सोन्याचा करून दाखवतो. साऱ्या सिद्धी हाताशी असलेल्या माणसाला विटेचा मोह कसा पडला? हा प्रश्न श्रोत्यानं बाहेरून आणायची गरज नाही, तो कथेतच बसलेला आहे, आणि ‘सारी लीला’ एवढं म्हणून अर्थ सांगणाऱ्याची सुटका होत नाही. शिवाय नाथांना ज्याच्याकडून दीक्षा मिळाली त्या दत्तात्रेयाचं माहूर नांदेड जिल्ह्यातच. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून काढले अशी कथा आहे. त्या पाण्यात अंघोळ केलेल्या श्रोत्यासाठी कथेतला प्रदेश परका नव्हता, आणि ओळखीच्या मुलखाबद्दल माणूस जरा जास्तच चिकित्सा करतो.

मताचा भक्कम पुरावा मला दिसतो तो ग्रंथांच्या निवडीत. अभ्यासक एकनाथांचा नातू मुक्तेश्वर याला कवी म्हणून श्रीधरापेक्षा वरचढ मानतात. देवळांत मात्र बाजी मारली श्रीधरानं. ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘रामविजय’ १७०३ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा, ‘शिवलीलामृत’ १७१८ चं. आणि पुढची दोनशे वर्षं खेड्यापाड्यांत यांचंच राज्य. मुक्तेश्वराच्या महाभारताची पाचच पर्वं हाती असल्यामुळे त्याला तोटा झाला, हे खरं. मोरोपंतांचं आर्याभारत तर पुरं होतं, तरी ते पंडितांच्या आणि कीर्तनकारांच्या घरातच राहिलं. ऐकताक्षणी कळेल, दृश्य डोळ्यांपुढे उभं राहील आणि अध्याय योग्य जागी तुटेल, अशी रचना श्रोत्यांना हवी होती, आणि श्रीधराला ती साधली. अध्यायांमध्येही निवड झाली. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय सुटा वाचायची पद्धत पडली. बाकीच्या अध्यायांना तो मान नाही. ही श्रोत्यांनी अनेक पिढ्या केलेली समीक्षा आहे, फक्त ती कोणी लिहून ठेवली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही भक्ती होती, मत कसलं? पोथी ऐकायची पुण्यासाठी, पोर व्हावं, आजार जावा म्हणून. तिच्यात शंका काढणं पाप. नवनाथाच्या चाळिसाव्या अध्यायात तर कुठला अध्याय वाचल्यानं काय फळ मिळतं याची यादीच आहे, औषधांच्या दुकानात शोभावी अशी. आक्षेप खोटा नाही. परंतु फलश्रुतीतून पोथी लावण्याचं कारण कळतं, उद्याच्या अध्यायाची ओढ का लागते ते कळत नाही. श्रोत्याला थोपवून धरण्यासाठी ग्रंथकर्त्याला एवढी आमिषं दाखवावी लागतात, त्या अर्थी श्रोता उठून जाऊ शकतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि श्रद्धा असली की चिकित्सा संपते हे तरी कुठे खरं आहे? एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरं राहिलं आणि शिष्य गावबानं ते पुरं केलं. एकनाथांचा हात कुठे सुटला, हे श्रद्धाळू माणसंच सांगत आली.

श्रद्धा आणि नापसंती एकाच गळ्यातून कशा निघतात हे पाहायचं तर जात्याकडे वळावं लागतं. देवळात बायका मागे बसत किंवा घरीच असत. पोथीतलं त्यांच्यापर्यंत पोचे आणि पहाटे दळताना त्यावर त्यांचा निकाल लागे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेचा वनवास हा मोठा विषय आहे. रामाचं नाव घेऊन दळण सुरू करणाऱ्या बाया सीतेला टाकल्याबद्दल त्यालाच बोल लावतात, तिच्या एकटेपणात आपलं सासर पाहतात. गोंधळ्यांचं जांभूळ आख्यान याहून धीट. द्रौपदीच्या मनात कर्णाबद्दल ओढ होती, हे ती एका जांभळाच्या निमित्तानं कबूल करते. पांडवप्रताप ऐकणाऱ्यांच्याच मुलखात हे आख्यान रात्र रात्र रंगत आलं. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारखे गोंधळी मराठवाड्यातलेच. मूळ कथेत राहून गेलेली जागा हेरून तिथे आपलं प्रकरण घालणं हेसुद्धा मतच आहे, आणि आजचे कादंबरीवेडे वाचक याहून वेगळं काही करत नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ही बैठक सगळ्या गावाची नव्हती. देवळाच्या पायरीशी काहींना थांबावं लागे, काहींना तिथवरही येता येत नसे. हे नाकारून पोथीच्या गोडव्याचं चित्र रंगवणं लबाडी ठरेल. अवतारकथांवरचं सर्वांत कठोर मत याच बाहेर ठेवलेल्यांची बाजू घेऊन आलं: जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त दशावतारांचा अर्थ आक्रमणाचा इतिहास म्हणून लावला. तरीही बैठकीची रीत बाहेर ठेवलेल्यांनी टाकून दिली नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर नांदेड-लातूरच्या वस्त्यांतल्या बुद्धविहारांत वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन सुरू झालं. तेच पावसाळी महिने, तोच रोज थोडा भाग वाचून समजावण्याचा क्रम. ग्रंथाची सुरुवातच एका चमत्कारी कथेच्या तपासणीनं होते: एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थानं म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे कसं पटावं? पोथीच्या बैठकीत जी शंका श्रोत्याला हळूच विचारावी लागे, ती इथे ग्रंथकर्त्यानंच पहिल्या पानांवर मांडली.

छापील अद्भुत मात्र इकडे उशिरा आणि आडवाटेनं आलं. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. रिसबुडांनी प्रस्तावनेत जवळजवळ माफीच मागितली आहे: आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मनोरंजक काही घडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. इंग्रजी कादंबरीच्या धाकातून आलेली ही ओशाळगत देवळातल्या श्रोत्यांना कधी शिवली नाही. गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडला आली, बार्शीची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली, आणि मुंबईत छापलेल्या पोथ्या-पुस्तकांची वाट मोकळी झाली. उर्दू शाळांतून शिकलेल्यांना वेगळंच दालन उघडं होतं. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं १८८३ पासून काढलेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ आणि तिच्यातला अमर ऐयार, ज्याच्या ‘झंबील’ नावाच्या झोळीत अख्खी नगरं मावतात. जाहीर सभेला परवानगी मागायला लावणारं ‘गश्ती निशान ५३’ हे निजाम सरकारचं परिपत्रकही या बैठकीच्या आड आलं नाही. पोथीला जमलेल्या माणसांना सभा कोण म्हणणार?

ऐकणं म्हणजे वाचन नव्हे, असा एक शेवटचा मुद्दा काढता येईल. गोदावरीकाठच्याच जुन्या कथेत त्याचं उत्तर आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजानं गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची भाषेतली म्हणून झिडकारली, तेव्हा गुणाढ्य रानात बसून एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकू लागला आणि जनावरं चरणं सोडून ऐकत राहिली. सहा लाख श्लोक जळाले. राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागलं, तेव्हा कुठे त्याला चूक उमगली आणि उरलेला लाख वाचला. अकराव्या शतकात सोमदेवानं कथासरित्सागरात सांगितलेली ही हकीकत इतिहास म्हणून घेऊ नये. पण वाचता येणाऱ्या राजाचं मत चुकलं आणि नुसतं ऐकणाऱ्यांचं बरोबर ठरलं, हे त्या काळच्या कथाकारालाही सांगावंसं वाटलं, एवढं तरी घ्यावं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर स्वतः नास्तिक, आणि महाभारतावर ते तासन्‌तास बोलत तेव्हा सभागृहं भरत. व्यासांच्या पात्रांची अशी उलटतपासणी ऐकून घेणारा श्रोता त्यांना आयता मिळाला, तो शंकेला सरावलेल्या याच पोथीच्या बैठकीतून, असा माझा अंदाज आहे.

ही बैठक विरळ का झाली, याचं उत्तर देताना बहुतेक जण दूरदर्शनकडे बोट दाखवतात. १९८७ च्या जानेवारीत रविवार सकाळचं ‘रामायण’ सुरू झालं, पाठोपाठ ‘महाभारत’ आलं आणि कंदिलाची गरज संपली. लातूर पॅटर्नच्या काळात वाचनालयांच्या अभ्यासिका झाल्या आणि पुस्तकावरची चर्चा पर्याय क्रमांक दोन की तीन एवढ्यावर आली, हेही खरं. तरी मला मोठं कारण वाटतं ते बैठकीच्या बदललेल्या वेगाचं. गावोगावच्या सप्ताहांत आता पारायणाला मान आहे. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपास ओव्या सात दिवसांत संपवायच्या, म्हणजे रोज जवळजवळ तेराशे. पन्नास-शंभर जण एका सुरात, ध्वनिक्षेपकावरून, घड्याळ लावून वाचतात. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लोकांच्या हातात आता स्वतःचा ग्रंथ असतो, बायकाही पहिल्या रांगेत बसून वाचतात. फक्त अर्थ सांगणाऱ्याची जागा त्या मांडवात कुठे ठेवलेली नसते. कीर्तनकार येतो तो रात्री, त्याचा अभंग ठरलेला असतो आणि त्याला मध्येच थांबवून कोणी काही विचारत नाही.