एकाची प्रणाली, दुसऱ्याचे यंत्र

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जे काही घडते, त्याची सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमकडे असतात. कळफलक, पडदा, चकती, छपाईयंत्र या साऱ्यांना कामाला लावणारी ही आज्ञावली. म्हणजे यंत्र वेगळे आणि त्याला चालवणारी प्रणाली वेगळी. मग एका कंपनीची प्रणाली दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालवता येईल का? प्रश्न तांत्रिक वाटतो खरा. पण अमेरिकेतील अॅपल कंपनीच्या संगणकांचा इतिहास पाहिला, की त्याला कायद्याची आणि व्यापाराचीही बाजू असल्याचे आपल्या लक्षात येते.

सुरुवात १९८२ पासून करू या. अॅपल-२ हा संगणक तेव्हा लोकप्रिय होता. फ्रँकलिन नावाच्या कंपनीने ‘एस १००’ हा संगणक काढला. अॅपल-२ साठी लिहिलेल्या आज्ञावल्या त्यावरही चालत. त्यात नवल नव्हते. फ्रँकलिनने अॅपलची प्रणालीच उतरवून घेतली होती. इतकी हुबेहूब, की अॅपलच्या एका प्रोग्रामरचे नावही तिच्यात तसेच राहून गेले! न्यायालयात फ्रँकलिनने नक्कल नाकारली नाही. रॉममध्ये, म्हणजे चिपमध्ये कायमची कोरलेली आज्ञावली हा यंत्राचाच भाग आहे, तिच्यावर पुस्तकासारखा कॉपीराइट कसा असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑगस्ट १९८३ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. रॉममध्ये असली तरी आज्ञावलीवर कॉपीराइट असू शकतो, हे त्या निकालाने ठरले.

त्याच सुमारास कॉम्पॅक कंपनीला आयबीएमच्या पीसीसारखा संगणक बनवायचा होता. या पीसीची डॉस प्रणाली मायक्रोसॉफ्टची होती आणि ती इतरांना विकण्यास मायक्रोसॉफ्ट मोकळी होती. अडसर होता तो फक्त आयबीएमच्या ‘बायॉस’चा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या, रॉममधील छोट्या आज्ञावलीचा. कॉम्पॅकने माणसांचे दोन गट केले. एका गटाने बायॉस काय काय काम करते ते लिहून काढले. मूळ आज्ञावली कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी लिहिली. शिक्षकांना हा फरक लगेच उमगेल. उत्तर एकच आले, तरी शेजाऱ्याच्या वहीतून ते उतरवणे वेगळे आणि गणित स्वतः सोडवणे वेगळे.

अॅपलने १९८४ मध्ये मॅकिंतोश आणला. पडद्यावरील खिडक्या आणि मेनू काढण्याच्या आज्ञावल्या त्याच्या ६४ किलोबाइटच्या रॉममध्ये होत्या. त्यामुळे प्रणालीची चकती मिळाली तरी रॉमवाचून ती निरुपयोगी! १९८९ मध्ये ‘आउटबाउंड’ हा मॅकसारखा चालणारा, हातात नेण्याजोगा संगणक निघाला. तो वापरायचा, तर खऱ्या मॅकमधील रॉम काढून त्यात बसवावी लागे.

पुढे विंडोज सर्वत्र पसरू लागली, तेव्हा अॅपलने स्वतःच दार उघडले. १९९५ पासून पॉवर कॉम्प्युटिंग, मोटोरोला, युमॅक्स अशा कंपन्या परवाना घेऊन मॅकची प्रणाली असलेली यंत्रे विकू लागल्या. त्यामुळे नवे ग्राहक येतील अशी अॅपलची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अॅपलचेच ग्राहक ही स्वस्त आणि वेगवान यंत्रे घेऊ लागले. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्झ कंपनीत परतल्यावर परवान्यांचा हा प्रयोग गुंडाळण्यात आला. पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा व्यवसाय अॅपलने सुमारे १० कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन विकत घेतला.

२००६ मध्ये अॅपलच्या यंत्रांत इंटेलचा प्रोसेसर आला आणि मॅक व इतर पीसी यांच्या अंतरंगात फारसा फरक उरला नाही. अॅपलने प्रणालीचे काही भाग कुलूपबंद ठेवले आणि त्यांची किल्ली यंत्रातील एका चिपमध्ये ठेवली. हौशी मंडळींनी तीही शोधली. साध्या पीसीवर मॅकची प्रणाली चालवणाऱ्या अशा यंत्रांना ‘हॅकिंतॉश’ हे नाव पडले. सायस्टार या कंपनीने २००८ मध्ये अशी यंत्रे विकायलाच काढली. प्रणालीच्या प्रती आम्ही पैसे मोजून घेतल्या आहेत, असे तिचे म्हणणे होते. २००९ मध्ये निकाल अॅपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पैसे दिल्याने प्रणालीची मालकी मिळत नाही, परवान्याच्या अटींत वापरण्याची मुभा तेवढी मिळते, हा त्याचा मथितार्थ. २०२० पासून अॅपल स्वतःचे प्रोसेसर वापरू लागली आणि ही वाटही बुजत चालली.

दारे उघडली आणि मिटली ती तंत्र जमले वा अडले म्हणून नव्हे. तंत्र दर वेळी जमलेच होते. वर्गात संगणकाचे भाग शिकवताना आपण यंत्र आणि प्रणाली यांतला फरक सांगतो. त्याबरोबर एक प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा: आपण संगणक विकत घेतो तेव्हा त्यातले आपले किती आणि आपल्याला नुसते वापरायला दिलेले किती? शाळेसाठी पुढचा संगणक घेताना तोच प्रश्न विक्रेत्यालाही विचारावा.