फ्रिजवरची यादी

उद्या रात्रीपासून स्टॉर्म येतंय. बारा ते अठरा इंच म्हणतायत. म्हणजे आजचा शनिवार तयारीचा. बॉस्टनच्या आसपासच्या प्रत्येक घरात आज जे चाललं असेल तेच आमच्याकडेही चालू आहे. सकाळी दुकानात गेलो तर दूध आणि ब्रेडचे रॅक रिकामे. माझ्या पुढच्या माणसाने सहा गॅलन दूध घेतलं होतं. दोन दिवसांच्या बर्फाला एवढं दूध कशाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. असो.

कोकणात आजोळी आगोटीची तयारी असायची. कौलं शाकारायची, लाकडं आत घ्यायची, सुकी मासळी, पापड, मीठ, सगळी बेगमी. तेव्हा यादी कुणी लिहीत नसे, ती आजीच्या डोक्यात असायची. आमची यादी फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे:

१. टॉर्च, सेल, फोन चार्ज
२. छप्पर: लांब दांड्याचा बर्फ ओढायचा खोरा
३. गाडी: टाकी फुल, मागे फावडं आणि ब्लँकेट
४. स्नो ब्लोअर: पेट्रोल, ऑइल, शिअर पिना
५. बाजूच्या भिंतीतले दोन पांढरे पाइप!!!

पाचव्या नंबरला तीन उद्गारचिन्हं का, ते शेवटी सांगतो.

ऑफिसात आमच्या कोडमध्ये काही ओळी अशा आहेत की नवीन माणूस विचारतो, ही कंडिशन इथे कशाला? मग कुणीतरी जुना माणूस सांगतो, अमुक साली रात्री तीन वाजता प्रॉडक्शन बंद पडलं होतं, तेव्हापासून आहे. काढू नकोस. फ्रिजवरची यादी तशीच आहे. प्रत्येक ओळीमागे कधीतरी काहीतरी कोसळलेलं आहे.

पहिली ओळ, टॉर्च. त्यासाठी १८८८ सालात जावं लागतं. ११ मार्च, रविवार. न्यूयॉर्कमध्ये पाऊस पडत होता आणि हवा तशी उबदार होती. वादळाची सूचना कुणालाच नव्हती. मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ झाला आणि सोमवारी सकाळी लोक नेहमीसारखे कामाला निघाले. सेंट्रल पार्कमध्ये एकवीस इंच बर्फ पडला. आकडा फार मोठा वाटत नाही, पण वारा एवढा होता की बर्फाचे ढीग दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत चढले. उंच पुलांवरून धावणाऱ्या गाड्या अर्ध्या रस्त्यात अडकल्या. रॉस्को कॉंकलिंग नावाचे माजी सिनेटर त्या दिवशी वॉल स्ट्रीटच्या ऑफिसातून घरी निघाले. घोडागाडीवाल्याने पन्नास डॉलर मागितले. हे म्हणाले, वेडा आहेस का, आणि चालत निघाले. युनियन स्क्वेअरपाशी बर्फात कोसळले. कसेबसे पोचले, पण त्या दिवसाने जी तब्येत बिघडली ती बिघडलीच. १८ एप्रिलला गेले. आज मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये त्यांचा पुतळा आहे. त्या वादळात एकूण चारशेच्या वर माणसं गेली, त्यातली निम्मी एकट्या न्यूयॉर्कमधली.

तेव्हाच्या न्यूयॉर्कचे फोटो पाहिले तर रस्त्यावर आकाश दिसत नाही, नुसत्या तारा. टेलिग्राफ, टेलिफोन, वीज, सगळ्यांचे खांब वेगळे. त्यातल्या कितीतरी त्या वादळात खाली आल्या. बॉस्टन आणि न्यूयॉर्क यांच्यात अंतर दोनशे मैल, पण तार जाईना. शेवटी निरोप समुद्राखालच्या केबलने लंडनला पाठवायचे आणि तिथून दुसऱ्या केबलने परत अमेरिकेत आणायचे. दादरहून ठाण्याला निरोप व्हाया दुबई!

तारा जमिनीखाली घाला असा कायदा न्यूयॉर्कमध्ये आधीच झालेला होता. कंपन्या खर्चापायी चालढकल करत होत्या. वादळानंतर पुढच्याच वर्षी मेयर ह्यू ग्रँट यांनी खांब तोडायला माणसं पाठवली. जमिनीखालच्या रेल्वेच्या मागणीलाही या वादळाने जोर आला. बॉस्टनमध्ये ती १८९७ साली सुरू झाली, न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली. म्हणजे उपाय माहीत होता, बजेट नव्हतं. चारशे माणसं गेल्यावर मिळालं. (ओळखीचं वाटतंय ना?) आमच्या गल्लीत मात्र अजून खांबच आहेत आणि त्यांच्या डोक्यावर मेपलच्या फांद्या. म्हणून टॉर्च.

दुसरी ओळ, छप्पर. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणजे आवडती म्हणू नये, पण इंजिनियर असाल तर विसरता येत नाही. इथून शंभर मैलांवर हार्टफर्डला एक मोठं स्टेडियम होतं, १९७५ साली उघडलेलं. वरचं छप्पर म्हणजे स्टीलच्या दांड्यांची अवाढव्य जाळी. डिझाइन कॉम्प्युटरवर केलेलं, त्या काळात ही फार मोठी गोष्ट. बरंच स्टील वाचलं म्हणून सगळे खूश. जाळी वर चढवली तेव्हा ती हिशोबापेक्षा दुपटीने खाली वाकली. लोकांनी प्रश्न विचारले. उत्तर मिळालं की काळजीचं कारण नाही. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमाराला, बर्फ आणि पाण्याच्या वजनाने ते अख्खं छप्पर, सुमारे चौदाशे टन, खाली आलं. आदल्या रात्री त्याच छपराखाली पाचेक हजार लोक बास्केटबॉलची मॅच बघत होते. सहा तासांच्या फरकाने वाचले. आणि पडलेला बर्फ डिझाइनमध्ये धरलेल्या भारापेक्षा कमीच होता.

मॉडेल एक सांगतंय आणि समोरचं स्टील दुसरं सांगतंय. अशा वेळी कुणावर विश्वास ठेवायचा? आपण सगळे 'टेस्ट पास आहे ना' म्हणणारे लोक आहोत, म्हणून विचारतो.

तिसरी ओळ, गाडी. हार्टफर्डनंतर तीन आठवड्यांनी, ६ फेब्रुवारी १९७८, सोमवार. या वेळी अंदाज बरोबर होता. पण पहाटे सुरू होणार म्हटलेला बर्फ सकाळी ऑफिसच्या वेळेपर्यंत आलाच नाही. लोक म्हणाले, घ्या, हे वेधशाळावाले नेहमीचेच, आणि कामाला गेले. बर्फ सुरू झाला तो सकाळ बरीच उलटल्यावर. मग सगळ्या ऑफिसांनी एकदमच माणसं सोडली. बॉस्टनभोवतीच्या रूट १२८ वर तीन हजार मोटारी आणि पाचशे ट्रक जागच्या जागी गाडले गेले. दोन दिवसांत बॉस्टनमध्ये २७.१ इंच. गव्हर्नर डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि रस्त्यांवर खासगी गाड्यांना बंदी केली. ती जवळपास आठवडाभर चालली.

आमचे शेजारचे आजोबा त्या १२८ वर होते. तेव्हा पंचवीस वर्षांचे. ते सांगतात की थंडीची भीती नव्हती, हीटर चालू होता. पण बर्फ गाडीच्या सायलेन्सरच्या वर चढला की धूर मागे न जाता आत येतो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. दर थोड्या वेळाने उतरून ते हाताने बर्फ उकरत होते, कारण मागच्या ट्रकवाल्याने येऊन काचेवर टकटक करून तसं सांगितलं होतं. सगळ्यांना कुणी सांगणारं भेटलं नाही. काही जण उबदार गाडीत झोपले ते उठलेच नाहीत. वादळात ईशान्येकडच्या राज्यांत शंभरच्या आसपास लोक गेले.

चौथी ओळ, स्नो ब्लोअर. हे यंत्र आधी रेल्वेसाठी निघालं. १८६९ मध्ये टोरोंटोच्या जे. डब्ल्यू. इलियट या दातांच्या डॉक्टराने फिरत्या चक्राचा बर्फ-नांगर कागदावर मांडला. (ड्रिलवरून सुचलं असावं, हा माझा अंदाज!) पुढे ऑरेंज जल याने ती कल्पना पुढे नेली आणि लेस्ली बंधूंनी १८८३-८४ च्या सुमाराला यंत्र बनवलं. रस्त्यावरचा ब्लोअर आला १९२५ मध्ये. तो आर्थर सिकार्ड या क्वेबेकच्या माणसाचा. धान्याचं मळणी यंत्र बघून त्याला ते सुचलं असं सांगतात. लोक हसत होते. १९२७ मध्ये मॉन्ट्रियलशेजारच्या औट्रेमॉन्ट गावाने पहिला ब्लोअर विकत घेतला. मागून चालत ढकलायचे घरगुती ब्लोअर १९५० च्या दशकात आले.

आमचा ब्लोअर घरमालकाने भाड्याच्या घराबरोबर दिलेला, माझ्याहून वयाने मोठा. पुढचा स्क्रू बर्फ ओढतो, मागचा पंखा तो धुराड्यातून लांब फेकतो. त्या स्क्रूला एक शिअर पिन असते. आत दगड किंवा गोठलेलं वर्तमानपत्र अडकलं की ही पिन मुद्दाम तुटते आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. पिन रुपयाची, गिअरबॉक्स हजाराचा. म्हणून जवळ जास्तीच्या पिना ठेवायच्या आणि कधीही तिथे साधा पोलादी बोल्ट लावायचा नाही. तो तुटत नाही, हाच त्याचा दोष. आणखी एक, धुराड्यात बर्फ तुंबला तर इंजिन बंद करून काठीने काढायचा, हाताने कधीच नाही. बंद इंजिनातही ताण शिल्लक असतो आणि बोटं जातात.

आता पाचवी ओळ.

आमच्या घरातल्यासारखी नवीन फर्नेस उष्णता एवढी शोषून घेते की उरलेला धूर कोमट असतो. त्याला चिमणी लागत नाही. प्लॅस्टिकचे दोन पाइप भिंतीतून बाहेर काढतात, एक हवा आत घ्यायला, एक धूर बाहेर सोडायला. जमिनीपासून दोनेक फुटांवर. जानेवारी २००५ मध्ये इथल्याच प्लिमथ गावात बर्फाने असाच धुराचा मार्ग बुजला आणि निकोल नावाची सात वर्षांची मुलगी कार्बन मोनॉक्साइडने गेली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. ३१ मार्च २००६ पासून घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा झाला.

हे सगळं मला मागच्या फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हतं. आई पहिल्यांदाच आली होती. सोळा इंच बर्फ पडला आणि मी तिला दाखवायला म्हणून झोकात ब्लोअर चालवला. वारा तोंडावर येत होता, म्हणून धुराडं घराच्या बाजूला वळवलं. मस्त ढीग झाला. आईने खिडकीतून फोटोही काढले.

रात्री अकराला घर गार पडायला लागलं. मी थर्मोस्टॅट बंद करून चालू केला (आपला जागतिक उपाय). काही नाही. आई शाल गुंडाळून स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "अरे, चारी गॅस पेटवून ठेवते तोवर. खिडक्या बंदच आहेत, ऊब राहील." मी "बरं" म्हणालो. खरंच म्हणालो.

मग काय वाटलं कोण जाणे, तळघरात जाऊन फर्नेसचं झाकण उघडलं. आत एक लाल दिवा लुकलुकत होता. तीनदा, थांबून परत तीनदा. झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला. तीन म्हणजे प्रेशर स्विच, धुराचा मार्ग बंद. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ते दोन पाइप माझ्या मस्त ढिगाखाली आहेत. वर धावत जाऊन आधी गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि पायजम्यावर बूट चढवून फावड्याने पाइप मोकळे केले. वीस मिनिटांत फर्नेस परत चालू.

आणि तो कायद्याचा अलार्म? तो ड्रॉवरमध्ये होता. जानेवारीत रात्री टिकटिक करायला लागला म्हणून मीच सेल काढून ठेवला होता. नवीन सेल आणू म्हणून. आम्हाला वाचवलं ते कुठल्याशा इंजिनियरने आठवणीने बसवलेल्या एका छोट्या स्विचने. शिअर पिनेसारखं, तो मुद्दाम बंद पडला. आईला मी पूर्ण गोष्ट अजून सांगितलेली नाही.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी नऊवारीत इथे डॉक्टर व्हायला आल्या. फिलाडेल्फियात त्यांच्या खोलीतली शेकोटी नीट नव्हती असं त्यांच्या चरित्रात येतं. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की थंडी. दोन्हींतलं एक निवडायचं. ११ मार्च १८८६ ला त्या पदवी घेऊन डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. शेकोटीनेच सगळं झालं असं कुणी म्हणणार नाही. पण धूर की थंडी, हा प्रश्न मला निवडावा लागत नाही तो मधल्या एवढ्या सगळ्या माणसांमुळे. आणि मी काय केलं, तर सेल काढून ठेवला.

आता बाहेर ढग भरून आलेत. अलार्मला नवा सेल घातलाय, बटण दाबून कानठळ्या बसवून घेतल्या. पाइपांशेजारी एक लाल काठी रोवलीय, ढीग कितीही झाला तरी दिसेल अशी. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून ती बघितली, मान डोलावली आणि विचारलं, दूध आणलंस का?

नाही आणलं. जातो, मिळतंय का बघतो.