जनानखान्याचा दिनक्रम : चित्र आणि हिशेबवही

उस्मानी सुलतानाच्या जनानखान्याविषयीची आपली कल्पना मुख्यतः चित्रांनी घडविली आहे. अँग्र या फ्रेंच चित्रकाराचे १८६२ मधील ‘तुर्की स्नानगृह’ हे त्याचे ठळक उदाहरण. अँग्र पूर्वेकडे कधी गेलाच नव्हता. आधार होता लेडी मेरी माँटेग्यू हिच्या पत्रांचा. तिने १७१७ मध्ये पाहिले ते मात्र सोफियातील स्त्रियांचे सार्वजनिक स्नानगृह, राजवाडा नव्हे. कॉफी पीत गप्पा मारणाऱ्या त्या स्त्रियांची चित्रात केवळ शरीरे उरली.

राजवाड्याच्या वेतननोंदी वेगळेच काही सांगतात. तेथे प्रत्येक स्त्रीपुढे रोजचे वेतन लिहिलेले असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुलतानाच्या आईस, म्हणजे वालिदे सुलतानास, दिवसाला ३,००० अक्चे मिळत. सामान्य दासीस अगदी थोडे. नवी आलेली मुलगी तुर्की भाषा, कुराणपठण, शिवण व भरतकाम शिके आणि एखाद्या ‘काल्फा’च्या, म्हणजे अनुभवी दासीच्या, हाताखाली राबे. कोठाराची प्रमुख ‘हजीनेदार उस्ता’. आपला ‘खजिनदार’ आणि ‘उस्ताद’ यांचेच हे सगेसोयरे! तोपकापीत दासींच्या मार्गिकेत आजही दगडी कट्टे दिसतात. स्वयंपाकघरातून आलेली ताटे खोजे तेथे ठेवीत. बहुसंख्य स्त्रियांचा दिवस अशा कट्ट्यांभोवतीच सरे. सुलतानाच्या शय्येपर्यंत फार थोड्या पोहोचत. काही वर्षांच्या सेवेनंतर अनेकींना मुक्त करून त्यांचे विवाह लावून देण्यात येत.

तेव्हा हे एक शिस्तबद्ध कुटुंबसंस्थान होते, असे अलीकडील अभ्यासक म्हणतात, विशेषतः लेस्ली पीअर्स यांच्या १९९३ मधील ग्रंथापासून. ते मला मान्य आहे; पण ‘संस्थान’ म्हटले की गुलामगिरी सौम्य वाटू लागते, ही अडचण उरतेच. या मुली विकत घेतलेल्या वा युद्धात धरून आणलेल्या होत्या. राजवाड्यात येताच त्यांना नवे, बहुधा फारसी वळणाचे, नाव मिळे आणि नोंदवहीत तेच चढे. म्हणजे जी वही त्यांना चित्रकाराच्या तावडीतून सोडविते, तीच त्यांचे जन्मनाव पुसते.

आठवणी लिहिणाऱ्या लैला साझ (१८५०–१९३६) यांचे बालपण राजवाड्यात गेले. मुलींच्या संगीतशिक्षणाचे त्यांनी केलेले वर्णन मोलाचे आहे. परंतु त्या राजवैद्याच्या कन्या होत्या, दासी नव्हत्या. आणि घरी परत जाण्याचा रस्ता त्यांना ठाऊक होता.